काळी जमीन सगळंच तणनाशक धरून ठेवत नाही: वावरात औषध कुठं चिकटतं, कुठं वाहतं, अन् आपण काय करायचं

आपल्याकडं एक समज पक्का बसलेला आहे की जमीन काळी भारी असली की तणनाशक ती धरून ठेवते, अन् बरड मुरमाड वावरात ते धुऊन जातं. हे अर्धंच खरं आहे. पेंडिमेथॅलिनच्या बाबतीत बरोबर, पॅराक्वाटच्या बाबतीत तर पक्कंच बरोबर. पण आज यवतमाळ, वाशीम, अमरावती, वर्ध्याकडचं सोयाबीन ज्या औषधांवर उभं आहे, म्हणजे इमॅझेथापायर, क्लोरिम्युरॉन, मेट्रिब्युझिन, त्यांना आपली काळी माती फारशी धरत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की मग सोयाबीन पिवळं काऊन पडलं, रब्बीत मोहरी काऊन बसली, धुऱ्याच्या खालच्या अंगाची पऱ्हाटी (कपाशी) काऊन वाकडी झाली, यातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे, थोडं लांबेल, पण हंगामाच्या आधी एकदा शांतपणे वाचा.

माती औषधाला पकडते म्हणजे नेमकं काय होतं

फवारलेलं औषध जमिनीवर पडलं की त्याचे दोन हिस्से होतात, एक मातीच्या कणाला चिकटतो अन् दुसरा मातीतल्या पाण्यात विरघळून राहतो. तणाच्या मुळाला मिळतं ते पाण्यातलं, पावसाबरोबर खाली जातं तेही पाण्यातलंच, अन् जिवाणू खातात तेही मुख्यतः तेच. चिकटलेलं औषध म्हणजे बाजूला पडलेला साठा. पाण्यातलं कमी झालं की काही औषधं हळूहळू पुन्हा सुटतात, काही मात्र सुटतच नाहीत.

मातीत पकडणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एक सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत, कुटार, मुळं कुजून तयार झालेला भाग. ज्या औषधाला पाणी आवडत नाही ते या कर्बाला धरून बसतं. दुसरी चिकणमाती. आपल्या काळ्या मातीत जी चिकणमाती आहे ती मॉन्टमोरिलोनाइट जातीची, वहीच्या पानांसारखे पातळ थर एकावर एक, पाणी शिरलं की थर फुगतात अन् उन्हाळ्यात आकसले की जमिनीला भेगा पडतात. या थरांवर ऋण विद्युतभार असतो. धन भार असलेलं औषध त्यात घट्ट अडकतं, ऋण भाराचं औषध तिथं टिकत नाही, त्याला माती जवळच करत नाही.

आता आपली गोम इथं आहे. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (pH) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वरच असतो, खारपाणपट्ट्यात तर आणखी जास्त. अशा सामूला इमॅझेथापायर, क्लोरिम्युरॉन, 2,4-डी ही आम्ल गुणाची औषधं ऋण भाराची होऊन बसतात. कर्बही आपल्याकडं पुष्कळ वावरात अर्ध्या टक्क्याच्या आसपासच. म्हणजे चिकणमाती पकडत नाही अन् पकडायला कर्ब नाही, मग ते औषध पाण्याबरोबर फिरणारच.

पहिलं काम: वावर ओळखा, अख्खं शेत एक धरू नका

मृदा आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते, घरात कुठं तरी ठेवलेली असेल ती काढा. त्यातले दोनच आकडे आत्ता पाहिजेत, सामू अन् सेंद्रिय कर्ब. नसेल तर माती परीक्षण करून घ्या, अन् नमुना काळ्या पट्ट्याचा वेगळा, बरड पट्ट्याचा वेगळा द्या, दोन्ही मिसळून दिला तर जो आकडा येईल तो कोणत्याच वावराचा नसतो.

पोत घरीच बघता येतो. मूठभर माती कणकेसारखी भिजवून मळायची, मग अंगठा अन् बोटात दाबत पट्टी काढायची. पट्टी दोन इंच किंवा त्याहून लांब निघाली अन् तुटली नाही तर जमीन भारी. इंचभराच्या आतच तुटत असेल तर हलकी. पट्टीच होत नसेल, हाताला रेती लागत असेल, तर त्या तुकड्यात औषधाच्या बाबतीत लय सांभाळून.

उतार कुठं आहे, पाणी कुठून निघतं, विहीर, बोअर, शेततळं किती लांब आहे, हे सुद्धा एका कागदावर काढून ठेवा. साधं वाटतं पण पुढच्या अर्ध्या गोष्टी याच कागदावर ठरतात.

दुसरं: डब्याचं मोठं नाव सोडा, बारीक अक्षरातलं वाचा

कंपनीचं नाव दरवर्षी बदलतं, आतलं रसायन तेच असतं. ते रसायन मातीत कसं वागतं त्यावरून मी असे गट करतो.

पॅराक्वाट. धन भाराचं. काळ्या मातीच्या थरात जाऊन असं अडकतं की पिकाला, तणाला, पाण्याला काहीच मिळत नाही. वर्षानुवर्षं तिथंच पडून राहतं पण निकामी. मातीच वाहून गेली तर तिच्याबरोबर जातं, एरवी नाही. मातीसाठी त्रास कमी म्हणून माणसासाठी कमी असं अजिबात समजू नका, याच्या विषबाधेवर उतारा नाही. घरात, पाण्याच्या बाटलीत, गोठ्यात काढून ठेवायचं नाही म्हणजे नाही.

ग्लायफोसेट. हे पाण्यात भरपूर विरघळतं, तरी मातीला घट्ट चिकटतं, कारण त्यातला फॉस्फोनेटचा भाग मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमच्या संयुगांना धरतो, स्फुरद धरतो त्याच जागा. म्हणून जमिनीवर पडलेलं ग्लायफोसेट नव्यानं उगवणाऱ्या तणाला मारत नाही, पानावर पडलं तेवढंच कामाचं. अन् म्हणूनच नाल्याचं गढूळ पाणी वापरलं की त्यातली माती टाकीतच औषधाला धरून बसते, फवारणी वाया जाते, क्षाराचं पाणी असलं तरी तेच. लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं, खरं तर पाणी गढूळ होतं. यात एक कायद्याची बाब पण आहे, ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता (कीड नियंत्रणाचं काम धंदा म्हणून करणाऱ्यांपुरता) मर्यादित केला, अन् तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला आपल्या देशात मान्यता नाही. ते बियाणं चोरून घेऊन वरून हे मारणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पेंडिमेथॅलिन, ऑक्सिफ्लुओर्फेन. पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, कर्बाला घट्ट धरतात, वरच्या थरातच राहतात. उगवणीपूर्व औषध म्हणून हेच पाहिजे असतं, बी खाली अन् औषध वर. यांची कमजोरी वेगळी, जागेवरून हलत नाहीत म्हणून ढेकळाच्या खाली पोचत नाहीत. ढेकूळ फुटलं की आतून तण निघतंच.

मेट्रिब्युझिन, ॲट्राझिन. यांच्यावर आपल्या सामूला भार नसतो, माती हलकंच धरते. मेट्रिब्युझिन तर पाण्यात चांगलंच विरघळतं. ज्वारी-मक्यातलं ॲट्राझिन जगात अनेक ठिकाणी भूजलात सापडलं, युरोपियन युनियननं 2004 मध्ये त्याची परवानगी नाकारली.

इमॅझेथापायर, क्लोरिम्युरॉन, गव्हातलं मेटसल्फ्युरॉन, कपाशीतलं पायरिथिओबॅक. ऋण भाराची मंडळी. डोस अगदी थोडा, क्लोरिम्युरॉन तर एकरी 15 ग्रॅमच्या आसपास, म्हणून वाटतं याचं काय राहणार. पण तण मरायलाच जर एवढंसं पुरतं तर पुढच्या नाजूक पिकाला त्याचा चौथा हिस्साही पुरतो. क्लोरिम्युरॉन, मेटसल्फ्युरॉनची आणखी एक खोड, आम्ल जमिनीत ही औषधं पाण्यानंच तुटतात, विम्ल, म्हणजे जास्त सामूच्या जमिनीत तसं होत नाही, सगळं जिवाणूवर सोपवलेलं असतं. म्हणजे दुसरीकडचा अनुभव सांगून कोणी म्हणालं की दोन महिन्यात संपतं, तर ते आपल्या आठ सामूच्या काळ्या रानाला लागू करू नका.

सल्फेन्ट्राझोन. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर लगेच मारायच्या जोड औषधात असतं. तण मस्त दाबतं, पण जमिनीत फार दिवस राहतं, फिरतंही, अन् कपाशीला ते सोसत नाही. सोयाबीन झालं की पुढच्या वर्षी त्याच वावरात पऱ्हाटी लावायची असेल तर लेबलवरचा पुढच्या पिकाचा कालावधी वाचल्याशिवाय डबा उचलू नका.

पाऊस किती खोल नेतो, याचं गणित

हे गणित एकदा करून बघाच, मनात बसतं. प्रत्येक औषधाला एक चिकटण्याचा आकडा असतो, कर्बाच्या हिशोबानं काढलेला. मेट्रिब्युझिनचा साधारण 60, पेंडिमेथॅलिनचा 10 हजाराच्या वर. याला आपल्या कर्बाच्या टक्क्यानं गुणून 100 नं भागायचं. कर्ब 0.5 असेल तर मेट्रिब्युझिनचं उत्तर 0.3 अन् पेंडिमेथॅलिनचं 50. आता काळ्या जमिनीची घनता 1.3 अन् ओल 40 टक्के धरली, तर 1.3 भागिले 0.4 म्हणजे सव्वातीन. सव्वातीन गुणिले 0.3, अधिक 1, झाले जवळपास 2. म्हणजे पाणी जेवढं खोल जाईल त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत मेट्रिब्युझिन जाईल. पेंडिमेथॅलिनला तेच गणित 163 देतं.

समजा पेरणी झाली, औषध मारलं अन् 60 मिमी पाणी जमिनीत मुरलं. काळ्या वावरात ते साधारण 15 सेंमी खोल जाईल, मेट्रिब्युझिन 7-8 सेंमीवर, पेंडिमेथॅलिन जेमतेम एक मिमी. सोयाबीनचं बी असतं 3 ते 5 सेंमीवर, म्हणजे मेट्रिब्युझिन बियाच्या पट्ट्यातून गेलं. हाच पाऊस बरड वावरात घ्या, ओल 20 टक्के, घनता 1.5, कर्ब 0.3. पाणी 30 सेंमी जातं अन् मेट्रिब्युझिन 12-13 सेंमी, वरचा थर मोकळा अन् औषध कोवळ्या मुळाजवळ. तण पण मेलं नाही अन् पीक पण भाजलं, ही तक्रार हलक्या रानातून येते त्यामागं हे असतं. म्हणून अशा तुकड्यात मेट्रिब्युझिन नकोच असं माझं स्पष्ट मत आहे.

हे गणित माती एकसारखी आहे असं धरून केलेलं आहे. भेगांना ते लागू नाही. मृगात पहिला पाऊस येतो तेव्हा काळ्या जमिनीच्या भेगा उघड्या असतात, हातभर, कुठं दोन हात खोल, अन् जोराचं पाणी वरचं औषध घेऊन सरळ भेगेत उतरतं, मातीला पकडायला वेळच मिळत नाही. तेव्हा चिकट पेंडिमेथॅलिन सुद्धा थोडं खाली जातं. म्हणून भेगा मिटायच्या आधी, धूळपेरणीवर, मातीवर मारायचं औषध मारू नका. वखरणीनं वरचा थर बारीक झाला, चांगला पाऊस होऊन भेगा मिटल्या, वाफसा आला, मग.

उलट बाजू अशी की काळी जमीन एकदा भिजून फुगली की पाणी आत घ्यायचं जवळपास बंद करते, तासाला काही मिमीच. मग येणारा पाऊस वरून वाहतो अन् वरच्या थरातलं औषध, माती, सगळं नाल्यात. औषध मारल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसात जर धो धो आला तर सगळ्यात जास्त नुकसान तेव्हाच. बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीनं पेरलेल्या वावरात सऱ्या असतात, पाणी साचत नाही हे बरोबर, पण सरीचं तोंड सरळ नाल्यात काढलं असेल तर तिथं गवताचा पट्टा सोडा, 5-6 मीटर तरी.

पंपाचं माप, ज्याला आपण सगळे टाळतो

माती अन् औषधाचं कितीही कळलं तरी एका तासावर (ओळीवर) दुप्पट पडलं अन् दुसऱ्यावर काहीच नाही, तर उपयोग शून्य. शेतात 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन आखा. पंपात मोजून साधं पाणी घ्या, रोजच्या चालीनं, रोजच्या नोझलनं तेवढा चौकोन मारा, उरलेलं पाणी मोजा. जेवढं लागलं त्याला 40 नं गुणा, हे झालं तुमचं एकरी पाणी. 5 लिटर लागलं तर एकरी 200 लिटर. इमॅझेथापायर 10 एसएलचा (10 टक्क्याचं द्रव औषध) डोस एकरी 400 मिली असेल तर 15 लिटरच्या पंपाला 30 मिली. पण तुमची चाल वेगळी असेल अन् एकरी 120 लिटरच जात असेल तर पंपाला 50 मिली लागेल. एका पंपाला एक झाकण हा हिशोब कुणाच्या तरी चालीचा असतो, आपल्या नाही. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नको. जो माणूस मारणार आहे त्यालाच चालवून माप घ्या, मजूर बदलला की माप बदलतं.

डोस लेबलच्या मर्यादेतच, पण लेबलवर कमी-जास्त अशी रेंज दिली असेल तर हलक्या, कमी कर्बाच्या तुकड्यात खालचा आकडा अन् भारी, शेणखत घातलेल्या तुकड्यात वरचा.

फवारणीचा दिवस

उगवणीपूर्व औषध पेरणीनंतर 48 तासाच्या आत, जमिनीत ओल असताना. कोरड्या जमिनीवर पेंडिमेथॅलिन उन्हात उडतं अन् उजेडानं खराब होतं. नंतर हलका पाऊस आला, 10-15 मिमी, तर सोन्याहून पिवळं. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा.

एक गोष्ट स्वतः जाऊन बघा. जिथं उन्हाळ्यात पऱ्हाट्या किंवा कुटार गोळा करून जाळलं असेल तिथं उगवणीपूर्व औषध मारूनही तणाचं गोल टिकलं दिसतं, बाजूला वावर स्वच्छ अन् मधेच केना, कुंजरू, तांदुळजा माजलेला. कारण अर्धवट जळलेल्या कोळशाची भुकटी औषधाला इतकी घट्ट धरते की तणाला काही मिळत नाही. जाळणं बंद करा हे वेगळं सांगायला नको, पण जाळलंच असेल तर त्या टिकल्यांवर डोस वाढवू नका, तिथं निंदण करून घ्या.

2,4-डी मारताना वारा अन् शेजारची पऱ्हाटी दोन्ही बघा. ते मातीत फार दिवस राहत नाही, आठ-पंधरा दिवसात बरंच तुटतं, पण हवेतून गेलेला थोडासा अंशही कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरून टाकतो. अन् ज्या पंपानं ते मारलं तो कपाशीला वापरायचाच नाही.

पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत गोष्ट थोडी वेगळी, तिथं प्रेटिलाक्लोर, ब्युटाक्लोर पाण्यातून पसरतं अन् चिखलाला हळूहळू चिकटतं. त्याला वेळ द्यायला औषधानंतर निदान तीन-चार दिवस बांधीचं पाणी सोडू नका, धुरे आधी पक्के बांधा, नाहीतर तुमचं औषध खालच्या बांधीत.

विहीर अन् पंप धुणं

वावरभर मारलेल्या औषधापेक्षा विहिरीच्या थारोळ्यावर सांडलेल्या झाकणभर औषधानं पाणी जास्त बिघडू शकतं, कारण तिथं मधे पकडायला मातीच नसते. औषध कालवणं, पंप धुणं विहिरीपासून लांब, अन् धुवण त्याच वावरात पसरून फवारा. नळी टाकीतल्या औषधात बुडवून मोटर चालू-बंद करू नका, बंद केली की उलटं ओढतं. संत्र्याच्या बगीच्यात डाययुरॉनसारखं तीन-तीन महिने राहणारं औषध मारणाऱ्यांनी बुंध्याजवळच्या आळ्यात, ठिबकच्या खाली ते जाऊ देऊ नये, तिथं रोज पाणी पडतं अन् तेच त्याला खाली नेतं.

रब्बीच्या आधी कुंडीत परीक्षा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात इमॅझेथापायर हेक्टरी 100 ग्रॅम क्रियाशील घटक (डब्यातलं निव्वळ औषध) मारला. अर्धं व्हायला 60 दिवस धरले तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 25 ग्रॅम उरतो. पण ऑगस्टात पावसानं खंड दिला, जमीन सुकली, जिवाणू थंडावले अन् अर्धं व्हायला 90 दिवस लागले, तर 40 ग्रॅम उरतो. म्हणून कोरड्या वर्षी रब्बीत जास्त सावध. गहू-हरभऱ्याला सहसा निभावतं, पण मोहरी, ज्वारी, कांदा, भाजीपाला नाजूक.

परीक्षा अशी. सोयाबीन निघालं की वावरात आठ-दहा जागची 10 सेंमीपर्यंतची माती घ्या, खालचा सखल भाग अन् पंप वळवायचा धुऱ्याजवळचा भाग वेगळा घ्या, औषध तिथंच जास्त पडतं. जिथं कधीच औषध गेलं नाही अशी त्याच जातीची माती वेगळी आणा. दोन्हीच्या तीन-तीन कुंड्या किंवा डबे, खाली भोक पाडून. प्रत्येकात मोहरीचे दहा अन् जे पीक पेरायचं त्याचे दहा दाणे. उन्हात ठेवा, पाणी सारखं द्या, पण खालून वाहू देऊ नका, नाहीतर औषधच निघून जाईल. दोन-अडीच आठवडे बघा.

रोपं उगवली पण खुजी राहिली, शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा जांभळट, उपटल्यावर मुळं आखूड अन् ब्रशसारखी, तर इमॅझेथापायर-क्लोरिम्युरॉनचा अंश. आधी चांगली वाढली अन् मग जुन्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन जळल्या, तर मेट्रिब्युझिन-ॲट्राझिन. मुळाची टोकं जाड गाठीसारखी, बाजूची मुळंच नाहीत, तर पेंडिमेथॅलिन. दोन्ही मातीत सारखंच खराब दिसलं तर दोष बियाण्याचा किंवा पाण्याचा.

अंश निघालाच तर

त्या तुकड्यात नाजूक पीक सोडा, सोसणारं घ्या. पेरणीला सवड असेल अन् ओलिताची सोय असेल तर एक पाणी द्या, वाफशावर नांगर किंवा वखर घालून वरचा थर खालच्या मातीत मिसळा, ओल अन् ऊब मिळाली की जिवाणू कामाला लागतात, थंडी वाढली की त्यांचं काम मंदावतं, म्हणून हे ऑक्टोबरातच झालं पाहिजे, डिसेंबरात केलं तर फरक कमी. चांगलं कुजलेलं शेणखत घाला, पकडायलाही कामाचं अन् जिवाणूलाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच कुंडी परीक्षा करा, मोहरी नीट आली की मग पेरा.

पुढच्या जूनसाठी प्रत्येक तुकड्याच्या नावानं डब्याच्या लेबलचा फोटो, तारीख, एकरी डोस अन् नंतरच्या आठ दिवसाचा पाऊस मोबाईलमध्ये ठेवा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या विद्यापीठाच्या तज्ज्ञांना पिकाचा त्रास दाखवायला जाल तेव्हा ते सगळ्यात आधी हेच विचारतील, अन् कपाशी, ज्वारी कोणत्या तुकड्यात घ्यायची हेही त्यावरूनच ठरेल.